मदर सेटन : एका लहानशा शाळेची जन्मकथा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा टिळक, आगरकर किंवा महर्षी कर्वे यांच्यापैकी कोणावर तरी मी लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार. परंतु या थोर पुरुषांवर अधिकारवाणीने लिहू शकतील अशी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. मी आज जिचे चरित्र सांगणार आहे, त्या स्त्रीचा महाराष्ट्राशी काहीही संबंध नव्हता. ती अमेरिकेत जन्मली, अमेरिकेतच वारली, आणि भारताचा किनारा तिने कधी पाहिला नाही. तरीही तिच्याकडे माझे लक्ष वेधले जाण्यास एक अगदी घरगुती कारण घडले.

केंद्र सरकारच्या लेखा खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाची दर तीन-चार वर्षांनी बदली व्हायचीच. नव्या गावी सामान उतरले की पहिल्या दोन चौकशा ठरलेल्या. पाणी किती वाजता येते आणि मुलांना शाळा कोणती. मराठी शाळा नसतेच. तेथील प्रांतीय भाषा मुलांना येत नसते, आणि वर्षाचे निम्मे सत्र संपलेले असते. अशा वेळी गावाच्या कडेला असलेली एखादी लहानशी कॅथॉलिक शाळा आपल्यापैकी कितीतरी जणांच्या उपयोगी पडली आहे. बिहारमधील एका गावी माझ्या मुलीला अशाच एका शाळेने ऐन नोव्हेंबरात प्रवेश दिला. शाळा आठवीपर्यंत, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. काही दिवसांनी मला कळले की माझ्या कार्यालयातील शिपायाची मुलगी तिच्याच बाकावर बसते आणि तिची फी माफ आहे. हिशेब तपासणे हा माझा धंदा. इतक्या थोड्या फीत ही शाळा चालते तरी कशी, असे मी मुख्याध्यापिका भगिनींना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. हसून भिंतीवरच्या एका चित्राकडे बोट दाखवले. काळी टोपी आणि काळा पोशाख घातलेली, शांत डोळ्यांची एक स्त्री त्या चित्रात होती. ती म्हणजे मदर एलिझाबेथ सेटन. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी तिचे चरित्र वाचले, आणि आज ते आपणासमोर ठेवीत आहे.

एलिझाबेथ अ‍ॅन बेली हिचा जन्म २८ ऑगस्ट १७७४ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध उठाव करण्यापूर्वीचे ते शेवटचे वर्ष. वडील डॉ. रिचर्ड बेली हे नामांकित शल्यवैद्य होते. आईचे वडील इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चचे धर्मगुरू. एलिझाबेथ तीन वर्षांचीही झाली नव्हती, तोच आई गेली आणि पुढच्याच वर्षी धाकटी बहीणही गेली. वडिलांनी दुसरा विवाह केला, परंतु सावत्र आईच्या घरात पहिल्या पत्नीच्या मुलींना जिव्हाळा लाभला नाही. वडील शिक्षणासाठी वा कामासाठी वारंवार दूर असत, आणि एलिझाबेथला बराच काळ न्यू रोशेल येथे काकांच्या घरी राहावे लागले. परक्या घरात राहणाऱ्या मुलाला आपण कोणाचे, हा प्रश्न किती लवकर पडतो, हे तिला बालपणीच कळले. वाचन, संगीत, फ्रेंच भाषा आणि एकांत यांत तिने आपले मन रमवले.

२५ जानेवारी १७९४ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिचा विवाह विल्यम मॅगी सेटन या तरुण व्यापाऱ्याशी झाला. सेटन घराण्याची आयात-निर्यातीची पेढी न्यूयॉर्कमध्ये प्रतिष्ठित मानली जाई, आणि इटलीतील लिव्होर्नो बंदरातील फिलिक्की बंधूंच्या पेढीशी तिचे घनिष्ठ संबंध होते. अ‍ॅना मारिया, विल्यम, रिचर्ड, कॅथरिन आणि रेबेका अशी पाच अपत्ये आठ वर्षांत झाली. सुखवस्तू घर, नगरातील उत्तम समाज, नाटके आणि मेजवान्या असे ते आयुष्य होते. तथापि १७९७ मध्ये न्यूयॉर्कमधील काही स्त्रियांनी लहान मुले असलेल्या निर्धन विधवांच्या साहाय्यासाठी एक संस्था काढली, तेव्हा तिच्या स्थापनेत एलिझाबेथचा वाटा होता आणि संस्थेच्या कोषाध्यक्षपदाची जबाबदारीही तिने सांभाळली. विधवांना वाटायच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या या तरुण गृहिणीला, सहा वर्षांनी आपले स्वतःचे नाव त्याच वर्गात मोडेल, याची कल्पना कोठून असणार?

दैव फिरले ते १७९८ पासून. सासरे वारले आणि त्यांच्या दुसऱ्या कुटुंबातील सहा लहान भावंडांचा भार या जोडप्यावर आला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या युद्धामुळे समुद्रावर जहाजे पकडली जात होती आणि पेढीचा माल बुडत होता. एलिझाबेथ रात्री जागून पतीच्या पत्रव्यवहारात आणि हिशेबात मदत करी. परंतु पेढी सावरली नाही आणि दिवाळे निघाले. घरातील चीजवस्तूंची यादी करून ती अधिकाऱ्यांच्या हवाली करावी लागली, आणि त्या यादीत मुलांच्या कपड्यांचीही नोंद होती. जप्तीच्या याद्या मी नोकरीत अनेक पाहिल्या आहेत. त्यांतील प्रत्येक ओळीमागे कोणाचे तरी घर असते, हे कागदावर कधी दिसत नाही.

पुढचा आघात १८०१ चा. डॉ. बेली हे न्यूयॉर्क बंदराचे आरोग्य अधिकारी होते. आयर्लंडहून दाटीवाटीने आलेल्या, तापाने फणफणलेल्या स्थलांतरितांची स्टेटन बेटावरील क्वारंटीन ठाण्यात शुश्रूषा करीत असता त्यांनाही ताप आला, आणि ऑगस्ट महिन्यात ते वारले. ज्या वडिलांच्या सहवासासाठी तिने बालपणभर वाट पाहिली होती, ते अखेरच्या काही वर्षांत जवळ आले होते आणि आता कायमचे गेले.

पती विल्यम यास क्षयाने ग्रासले होते. हवापालट हा त्या काळी शेवटचा उपाय. २ ऑक्टोबर १८०३ रोजी चार लहान मुलांना नातेवाइकांकडे ठेवून, आठ वर्षांच्या अ‍ॅना मारियाला बरोबर घेऊन पतिपत्नी लिव्होर्नोच्या प्रवासास निघाली. सुमारे सात आठवड्यांनी जहाज बंदरात पोहोचले. परंतु न्यूयॉर्कमध्ये पीतज्वराची साथ असल्याची वार्ता त्यांच्याआधी तेथे येऊन थडकली होती. उतारूंना थेट बंदराबाहेरील लाझारेटो नावाच्या दगडी इमारतीत नेऊन कोंडण्यात आले. समुद्राच्या वाऱ्याने गारठलेल्या त्या खोलीत मरणोन्मुख पती, आठ वर्षांची मुलगी आणि एलिझाबेथ यांनी महिनाभर काढला. मुलीला ऊब यावी म्हणून तिला दोरीवरच्या उड्या मारायला लावाव्या, पतीजवळ बसून बायबल वाचावे, असे ते दिवस. ज्या क्वारंटीनच्या व्यवस्थेसाठी पित्याने प्राण वेचले, त्याच व्यवस्थेच्या भिंतीआड कन्येचा संसार विझत होता. १९ डिसेंबरला सुटका झाली, आणि २७ डिसेंबर १८०३ रोजी पिसा येथे विल्यमने प्राण सोडला. एलिझाबेथ एकोणतीस वर्षांची होती.

परमुलखात विधवा झालेल्या या स्त्रीला फिलिक्की कुटुंबाने आपल्या घरी सन्मानाने ठेवून घेतले. ते कॅथॉलिक पंथाचे होते. त्यांच्या घरातील आणि प्रार्थनामंदिरांतील श्रद्धेचा तिच्या मनावर खोल परिणाम झाला. जून १८०४ मध्ये ती न्यूयॉर्कला परतली तेव्हा हाती पैसा नव्हता, पाच मुले होती आणि मनात एक मोठे द्वंद्व चालू होते. जवळजवळ वर्षभर ते चालले. अखेर १४ मार्च १८०५ रोजी बार्कले स्ट्रीटवरील सेंट पीटर्स चर्चमध्ये तिने कॅथॉलिक पंथाचा स्वीकार केला. त्या वेळी शहरातील ते एकमेव कॅथॉलिक चर्च होते, आणि तेथे जमणारे बहुतेक लोक गरीब आयरिश स्थलांतरित होते.

पंथांतराच्या प्रश्नाचा निवाडा करण्याचा येथे माझा हेतू नाही. ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाशी. परंतु या निर्णयाची तिला किती किंमत द्यावी लागली, ते मात्र नमूद केलेच पाहिजे. कॅथॉलिक म्हणजे अडाणी आणि परके लोक, अशी न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित समाजाची ठाम समजूत होती. नातेवाईक दुरावले आणि मैत्रिणींचे येणेजाणे थांबले. उपजीविकेसाठी तिने एका गृहस्थाच्या शाळेत भागीदारी केली, परंतु त्या शाळेच्या आडून धर्मप्रसार होणार अशी आवई उठली आणि शाळा बसली. मग दुसऱ्या एका शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी तिने खाणावळीसह वसतिगृह चालवले. १८०६ मध्ये तिची अल्पवयीन नणंद सेसिलिया हिनेही कॅथॉलिक पंथ स्वीकारला, तेव्हा सारा रोष एलिझाबेथवर कोसळला आणि पालकांनी मुले काढून नेण्यास आरंभ केला. पाच मुलांच्या पोटापाण्याचा प्रश्न आता खरोखरीच बिकट झाला. शाळा हे तिच्या जीवनाचे ध्येय वगैरे अजून नव्हते. ते जगण्याचे साधन होते, आणि तेही दोनदा हातचे गेले होते.

अशा स्थितीत बाल्टिमोर येथील सेंट मेरीज कॉलेजचे प्रमुख फादर द्यूबुर यांनी तिला आपल्या शहरात मुलींची शाळा काढण्याचे निमंत्रण दिले. मेरीलंड राज्यात कॅथॉलिक वस्ती जुनी होती आणि अमेरिकेतील पहिले कॅथॉलिक बिशप जॉन कॅरल यांचे आसनही बाल्टिमोरलाच होते. जून १८०८ मध्ये एलिझाबेथ तेथे पोहोचली. पाका स्ट्रीटवरील विटांच्या एका लहानशा घरात शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या, आणि त्यांतही तिच्या स्वतःच्या तीन मुली. हळूहळू तिच्याबरोबर राहून हेच कार्य करू इच्छिणाऱ्या तरुणी येऊ लागल्या. २५ मार्च १८०९ रोजी तिने बिशप कॅरल यांच्यासमोर एक वर्षासाठी व्रत घेतले, आणि तेव्हापासून ती मदर सेटन म्हणून ओळखली जाऊ लागली. आपणही यापुढे त्यांचा उल्लेख त्याच आदराने करू.

पंथांतर करून आलेले सॅम्युअल कूपर नावाचे एक धनिक गृहस्थ त्या वेळी बाल्टिमोर येथे धर्मगुरूपदाचे शिक्षण घेत होते. गरीब मुलींच्या शिक्षणासाठी आपले द्रव्य देण्याची त्यांनी तयारी दाखवली. परंतु शाळा शहरात न काढता एमिट्सबर्ग या खेड्याजवळ काढावी, असा त्यांचा आग्रह होता. बाल्टिमोरपासून सुमारे पन्नास मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी २६९ एकर जमीन घेण्यात आली. जून १८०९ मध्ये मदर सेटन आपल्या सोबतिणींसह सामानाच्या गाडीबरोबर, बराचसा रस्ता पायी चालत, तेथे निघाल्या. जागेवरचे दगडी घर राहण्याजोगे झालेले नव्हते. जुलैअखेर त्या घरात मुक्काम हलला तेव्हा चार खोल्यांत सुमारे सोळा माणसे दाटीने राहू लागली. पाणी दूरच्या झऱ्यावरून आणावे लागे, कपडे ओढ्यावर धुवावे लागत, आणि गाजराची कॉफी हे पेय होते. थंडीत फटींतून आलेला हिमाचा भुगा सकाळी पांघरुणावर साचलेला असे. त्या पहिल्याच हिवाळ्यात धाकटी नणंद हॅरिएट वारली आणि १८१० च्या एप्रिलमध्ये सेसिलियाही गेली. न्यूयॉर्कहून ज्या दोघींनी सारे तोडून आपल्या वहिनीची वाट धरली होती, त्या दोघींच्या समाधी तेथल्या ओकवृक्षांखाली झाल्या.

या दोन मृत्यूंच्या दरम्यान शाळेचा आरंभ झाला. २२ फेब्रुवारी १८१० रोजी सेंट जोसेफ्स ही विनामूल्य शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी गावातील तीन गरजू मुली आल्या. अमेरिकेत भगिनीसंघाने मुलींसाठी चालवलेली ही पहिली विनामूल्य कॅथॉलिक शाळा मानली जाते. फिलाडेल्फिया, जॉर्जटाउन यांसारख्या ठिकाणी कॅथॉलिक शाळा याआधीही होत्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. अमेरिकेतील साऱ्या कॅथॉलिक शाळांची जननी असे बिरुद मदर सेटन यांना भक्तिभावाने दिले जाते, त्याचा अक्षरशः अर्थ घेऊ नये. परंतु त्यांनी बसवलेली घडी मात्र पुढे देशभर उपयोगी पडली.

ती घडी अशी होती. मे महिन्यापासून निवासी विद्यार्थिनी घेण्यास आरंभ झाला. मेरीलंड, पेनसिल्व्हेनिया आणि दूरदूरच्या सुखवस्तू घरांतून मुली येऊ लागल्या. काही प्रोटेस्टंट घरांतल्याही होत्या. त्यांना वाचन, लेखन, व्याकरण, भूगोल आणि अंकगणित शिकवले जाई, त्याखेरीज फ्रेंच, संगीत, शिवण आणि भरतकाम. त्यांची फी चांगली असे, आणि त्याच फीतून संस्थेचा खर्च निघून गावातील गरीब मुलींची शाळा विनामूल्य चाले. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात सेंट व्हिन्सेंट द पॉल यांनी स्थापिलेल्या डॉटर्स ऑफ चॅरिटी या संघाची नियमावली मदर सेटन यांच्या संघासाठी आणवण्यात आली होती. मूळ संघ केवळ दीनदुबळ्यांची सेवा करी. धनिकांच्या मुलींना फी घेऊन शिकवणे त्याच्या नियमांत बसत नव्हते. अमेरिकेतील परिस्थिती वेगळी. तेथे राजाश्रय नाही, जुनी देवस्थान-इनामे नाहीत, आणि शाळा चालायची तर फीवाचून गत्यंतर नाही. म्हणून नियम बदलून शिक्षण हे प्रमुख कार्य ठरवण्यात आले आणि फी घेण्यास मुभा देण्यात आली. १८१२ मध्ये या नियमावलीला कॅरल यांची मान्यता मिळाली.

या नियमावलीत आणखी एक फेरफार झाला, आणि मला तो साऱ्या चरित्राचा गाभा वाटतो. संन्यस्त जीवनात माता आणि अपत्य हे नाते मागे सोडावे लागते. मदर सेटन यांनी ते सोडण्यास साफ नकार दिला. मुलांचे पालकत्व आपल्याकडेच राहील, त्यांना गरज असेल तेव्हा त्यांचा हक्क पहिला, आणि हे जमत नसेल तर आपण संघ सोडून मुलांकडे जाऊ, ही त्यांची भूमिका होती. वरिष्ठांनी ती मान्य केली. मदर हे पद त्यांना संघाने दिले, परंतु त्याआधीपासून त्या पाच मुलांची आई होत्या, आणि दोन्ही मातृत्वे त्यांनी एकाच छपराखाली निभावली. आरंभीच्या काळात शाळेच्या कारभारावरून अधीक्षक धर्मगुरू फादर डेव्हिड यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. त्यांच्या जागी दुसऱ्या भगिनीस नेमण्याचाही घाट घातला गेला होता. आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या या मानी स्त्रीला ते दिवस जड गेले. १८११ मध्ये फादर द्यूब्वा अधीक्षक झाले आणि तो पेच सुटला.

मृत्यूने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. लाझारेटोत आईबापांसह कोंडली गेलेली अ‍ॅना मारिया एमिट्सबर्गच्या शाळेत लहान मुलींना शिकवू लागली होती. १२ मार्च १८१२ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिलाही क्षयाने नेले. त्यानंतर कित्येक महिने मदर सेटन यांचे चित्त थाऱ्यावर नव्हते. फादर ब्रूते यांनी त्यांना धीर दिला. १९ जुलै १८१३ रोजी त्यांनी आपल्या सहकारी भगिनींसह संघाचे विधिपूर्वक व्रत घेतले. धाकटी रेबेका लहानपणी बर्फावर पडून पंगू झाली होती. तिचे दुखणे विकोपाला जाऊन १८१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिने आईच्या कुशीत डोळे मिटले. दोन्ही मुलांची चिंता निराळी. विल्यमला व्यापारात गती नव्हती, तो नौदलात गेला. रिचर्ड लिव्होर्नोला फिलिक्कींच्या पेढीवर गेला, पण तेथे त्याचा जम बसला नाही. जगाच्या लेकरांना वळण लावणाऱ्या आईला आपल्याच मुलांच्या पत्राची वाट पाहत बसावे लागे. हा अनुभव आपल्यापैकी ज्यांची मुले सातासमुद्रापलीकडे आहेत, त्यांना वेगळा समजावून सांगायला नको.

तरीही कार्य वाढत गेले. मदर सेटन वर्गावर्गांतून फिरत, नव्या भगिनींना शिकवण्याची पद्धत शिकवीत, पालकांना पत्रे लिहीत आणि आजारी मुलींच्या उशाशी बसत. १८१४ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या अनाथालयाची जबाबदारी घेण्यासाठी तीन भगिनी पाठवल्या. १८१७ मध्ये न्यूयॉर्ककडून तशीच मागणी आली. ज्या शहराने बारा वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडावर दारे लावली होती, त्याच शहरातील पोरक्या मुलांसाठी त्यांनी आपल्या भगिनी रवाना केल्या.

४ जानेवारी १८२१ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, एमिट्सबर्ग येथे मदर सेटन यांचा अंत झाला. ज्या क्षयाने पती नेला, थोरली मुलगी नेली, त्याच रोगाने त्या गेल्या. मुलांपैकी रिचर्ड दोनच वर्षांनी समुद्रप्रवासात वारला. कॅथरिन मात्र पुढे स्वतः संन्यस्त भगिनी झाली आणि १८९१ पर्यंत जगली. विस्तारलेल्या संघाने १८२८ मध्ये सेंट लुईस येथे रुग्णालय काढले. १८८४ मध्ये बाल्टिमोर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असा ठराव केला, आणि मजूरवस्त्यांतून, खाणींच्या गावांतून, स्थलांतरितांच्या पेठांतून आठवीपर्यंतच्या लहान लहान कॅथॉलिक शाळा उभ्या राहिल्या. १९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील कॅथॉलिक शाळांची संख्या सुमारे तेरा हजारांवर आणि विद्यार्थ्यांची पन्नास लाखांवर गेली होती. १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल यांनी मदर सेटन यांना संतपद जाहीर केले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या त्या पहिल्या संत होत.

त्यानंतरची कथा उतरणीची आहे. ज्या वर्षांत मदर सेटन यांना संतपद मिळाले, त्याच वर्षांत त्यांच्या वाटेने जाणाऱ्या भगिनींची संख्या झपाट्याने घटत होती. त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले. ते योग्यच होते, परंतु खर्च वाढला, फी वाढली, गरीब वस्तीतील पालकांना ती झेपेना, आणि लहान शाळा एकामागून एक बंद पडत गेल्या. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्या देशात सुमारे सहा हजार कॅथॉलिक शाळा उरल्या आहेत.

येथे मला त्या मुख्याध्यापिका भगिनींना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. हिशेबाच्या वहीत फी दिसते, देणगी दिसते. न दिसणारी जमेची रक्कम म्हणजे वेतन न घेता शिकवणाऱ्या स्त्रियांचे आयुष्य. दीडशे वर्षे ही रक्कम कोणत्याही वहीत मांडली गेली नाही, आणि ती मिळेनाशी झाली तेव्हाच ती केवढी होती ते कळले. न मांडलेली आणखीही एक रक्कम आहे, तीही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मेरीलंड हे त्या काळी गुलामगिरीचे राज्य होते. सुखवस्तू जमीनदारांच्या घरून येणाऱ्या फीमागे शेतांवर राबणाऱ्या गुलामांचे श्रमही होते. ज्या फीतून गावातील गरीब मुलगी फुकट शिकली, त्या फीचा काही भाग दुसऱ्याच कोणाच्या तरी लेकरांनी भरला होता. थोर व्यक्तीचे चरित्र लिहिताना ही नोंद वगळली, तर तो हिशेब खरा ठरणार नाही.

आणि तरीही ती काळी टोपी घातलेली स्त्री माझ्या मनातून जात नाही. आपल्या पंडिता रमाबाईंचे स्मरण येथे अनेकांना होईल. वैधव्य, धर्मांतर, समाजाचा रोष आणि त्यातून उभी राहिलेली मुलींची शाळा, हा क्रम दोघींच्या आयुष्यात दिसतो. मदर सेटन यांच्या वाटेचा एक धागा तर थेट आपल्या देशापर्यंत येतो. त्यांचे एकेकाळचे विरोधक फादर डेव्हिड पुढे केंटकीला गेले. तेथे १८१२ मध्ये त्यांनी नाझरेथच्या भगिनींचा संघ स्थापन केला आणि त्यासाठी एमिट्सबर्गचीच नियमावली घेतली. १९४७ मध्ये त्या संघाच्या भगिनी गंगाकाठच्या मोकामा या बिहारमधील गावी आल्या. ज्या कार्यालयात मी ते चित्र पाहिले, तेथे ते का होते, याचा उलगडा मला या धाग्यामुळे झाला.

आपल्या मंडळातही पन्नास वर्षांत पुष्कळ रकमा मांडल्या गेल्या नाहीत. रविवारी सकाळी मुलांना मुळाक्षरे गिरवायला लावणाऱ्या आपल्या भगिनींनी कधी मानधन मागितले नाही. गणेशोत्सवाच्या जमाखर्चात मांडव दिसतो, प्रसाद दिसतो, त्यांचे रविवार दिसत नाहीत. परगावी आलेल्या मुलाला आपण कोणाचे, हा प्रश्न पडू नये म्हणून कोणीतरी आपले आयुष्य थोडे थोडे खर्च करीत असते. सुवर्णमहोत्सवाच्या अहवालात तेवढी एक ओळ कोषाध्यक्षांनी अवश्य घालावी, अशी या जुन्या हिशेबनिसाची नम्र सूचना आहे.